जागा जाते ती कागदांवर: बी.एड. आणि एम.एड. प्रवेशाची वाट

दर वर्षी जून-जुलैत एक प्रश्न हमखास समोर येतो: "सीईटी दिली, गुणही चांगले आहेत, मग यादीत नाव का नाही?" उत्तर बहुतेक वेळा एकच निघतं. कॅपची नोंदणीच केलेली नसते. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे हिवाळ्यात जो अर्ज भरला, तो परीक्षेचा. निकाल लागल्यावर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे कॅपसाठी, वेगळी नोंदणी उघडते. तिथे पुन्हा माहिती भरायची, पुन्हा शुल्क भरायचं आणि सगळी कागदपत्रं अपलोड करायची. परीक्षेच्या अर्जात कागद जवळजवळ कुणी मागत नाही, त्यामुळे मुलं निर्धास्त राहतात. खरी झडती कॅपमध्ये होते.

परीक्षा तशी सरळ आहे. बी.एड.च्या सीईटीत १०० प्रश्न आणि ९० मिनिटं. बौद्धिक क्षमतेचे ४०, सामान्य ज्ञानाचे ३० आणि शिक्षक अभियोग्यतेचे ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात. बौद्धिक क्षमतेतल्या मालिका आणि सांकेतिक भाषा वेळ खातात. अभियोग्यतेचे प्रश्न वाचताक्षणी सुटतात, कारण तिथे विचारलेलं असतं ते एवढंच की वर्गात असा प्रसंग आला तर तुम्ही काय कराल. ते ३० आधी उरकून मग मालिकांना हात घालणं सोयीचं पडतं.

इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात जायची थोडीही शक्यता असेल तर ईएलसीटी या इंग्रजीच्या ५० प्रश्नांच्या चाचणीचा पर्याय परीक्षेच्या अर्जातच निवडावा लागतो. "नंतर बघू" म्हणून तो सोडला की नंतर जोडता येत नाही. मुंबई, ठाणे, पुणे इथल्या मुलांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. घराजवळचं कॉलेज इंग्रजी माध्यमाचं निघालं आणि ती चाचणीच दिलेली नसली, की रोजचा दोन तासांचा प्रवास नशिबी येतो.

आता पात्रता. पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला खुल्या वर्गासाठी किमान ५० टक्के आणि महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय उमेदवारांसाठी ४५ टक्के. अभियांत्रिकीवाल्यांना ५५ टक्के लागतात. ४९.८ म्हणजे ५० नव्हे, इथे पूर्णांक धरत नाहीत. पदवीचे गुण भरताना अनेक जण फक्त तिसऱ्या वर्षाचे गुण टाकतात, कारण हातात तीच गुणपत्रिका असते. अर्जात नेमकं काय मागितलंय ते वाचावं आणि सहाही सत्रांच्या गुणपत्रिका समोर ठेवूनच आकडे भरावेत. गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतराचं सूत्र कुठे छापलंय ते पाहावं. बऱ्याचदा ते गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला असतं. तिथे नसेल तर विद्यापीठाकडून तसं पत्र घ्यावं. स्वतःच दहाने गुणून टाकलेला आकडा छाननीत परत येतो.

४५ टक्क्यांच्या सवलतीला एक अट चिकटलेली आहे आणि तिथेच सर्वांत जास्त मुलं अडकतात. जातीचा दाखला आहे, पण नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, नाही किंवा पडताळणी प्रमाणपत्र नाही, अशा उमेदवाराला खुल्या वर्गात धरलं जातं. ५५ टक्केवाल्याचा यात फक्त आरक्षणाचा लाभ जातो. ४७ टक्केवाला मात्र प्रक्रियेतूनच बाहेर पडतो, कारण खुल्या वर्गात तो पात्रच नसतो. म्हणून पदवीला ४५ ते ५० च्या मध्ये असणाऱ्यांनी अभ्यासाच्या आधी कागदांना लागावं, असं आम्ही निक्षून सांगतो.

जात पडताळणी, ज्याला सगळे नुसतं 'व्हॅलिडिटी' म्हणतात, बी.एड.वाल्यांनाच जास्त का नडते? विज्ञानाची मुलं बारावीतच ती काढून ठेवतात, कारण पुढे अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयला ती लागणार हे घरात माहीत असतं. बी.ए., बी.कॉम.ला ती कुणी मागत नाही. तीन वर्षं जातीच्या दाखल्यावर निघून जातात. त्यामुळे बी.एड. हा अनेकांचा पहिला व्यावसायिक अभ्यासक्रम असतो आणि व्हॅलिडिटी हा शब्दही तेव्हाच पहिल्यांदा कानावर पडतो. मग जूनमध्ये धावाधाव सुरू होते, आणि हे काम महिन्यांचं आहे.

पदवीच्या तिसऱ्या वर्षात असतानाच अर्ज टाकावा. तेव्हा तुम्ही कॉलेजचे विद्यार्थी असता आणि प्राचार्यांचं पत्र व बोनाफाईड सहज मिळतं. पदवी झाल्यावर हे पत्र द्यायचं कुणी, इथूनच अडचण सुरू होते. अर्ज ऑनलाइन भरून त्याची छापील प्रत कागदांसह जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे द्यायची असते. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाच्या समित्या वेगळ्या आहेत. सोबत वंशावळीचं शपथपत्र लागतं, आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे जुना पुरावा. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कुणाची तरी जातीची नोंद मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या, आधीची हवी. अनुसूचित जातींसाठी तो दिनांक १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा किंवा गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीचा, म्हणजे गाव नमुना १४ चा उतारा उपयोगी पडतो. वडिलांची, काकांची किंवा चुलत भावाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर काम खूप हलकं होतं. आईकडच्या नातेवाइकांचे कागद इथे चालत नाहीत. लोक ते मोठ्या आशेने घेऊन येतात आणि हिरमुसून परत जातात.

पडताळणीच्या अर्जाच्या पावतीवर प्रवेश देऊन प्रमाणपत्रासाठी काही महिन्यांची मुदत, असा निर्णय शासनाने काही वर्षी घेतला आहे. त्यावर विसंबून बसू नये. मुदत संपली आणि कागद आला नाही, तर प्रवेश धोक्यात येतो, आणि तोवर निम्मं सत्र संपलेलं असतं.

नॉन-क्रीमीलेअरमध्ये चूक असते ती तारखेची. दाखल्यावर खाली एक ओळ असते: 'हे प्रमाणपत्र ३१ मार्च अमुक पर्यंत वैध राहील.' २०२६-२७ च्या प्रवेशाला ती तारीख ३१ मार्च २०२७ किंवा त्यानंतरची हवी. फेब्रुवारी २०२६ मध्ये काढलेला एक वर्षाचा दाखला ३१ मार्च २०२६ लाच संपतो. कागद नवा कोरा दिसतो, बारकोड असतो, सही असते, आणि तरी तो जुलैत निरुपयोगी ठरतो. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे जोडले तर तीन वर्षांचा दाखला मिळतो, तोच काढावा. दुसरा गैरसमज उत्पन्नाचा. इतर मागासवर्गाच्या नॉन-क्रीमीलेअरला आठ लाखांची मर्यादा मोजताना आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. तिथे त्यांचं पद कोणत्या गटातलं आहे ते पाहतात. वडील लिपिक आहेत आणि पगार आठ लाखांवर गेला, एवढ्यावरून 'आपल्याला मिळणार नाही' म्हणून घरी बसणारी मुलं आहेत. त्यांनी अर्ज करावा.

ईडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणात, उलट आहे. तिथे पगार, शेती, धंदा सगळं उत्पन्न मोजतात, आणि जो कोणत्याही आरक्षणाच्या यादीत येतो त्याला ईडब्ल्यूएस मिळत नाही. मराठा उमेदवार आता एसईबीसीत, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गात, येतात, म्हणून त्यांनी जुना ईडब्ल्यूएस दाखला पुढे करून उपयोग नाही. त्यांनाही जातीचा दाखला, पडताळणी आणि नॉन-क्रीमीलेअर असे तिन्ही कागद लागतात. ईडब्ल्यूएस दाखला दर वर्षी १ एप्रिलनंतर नव्याने काढायचा.

बी.एड.ला लग्न झालेल्या मुली मोठ्या संख्येने येतात आणि त्यांच्यासाठी हे सगळं दुप्पट किचकट होतं. दहावीपासून पदवीपर्यंतचे कागद माहेरच्या नावाचे, आधार सासरच्या नावाचं. अर्जात नाव टाकावं ते दहावीच्या प्रमाणपत्रावरचं आणि पदवीच्या गुणपत्रिकेवरचं, आणि आधाराशी सांधा जुळवण्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जोडावं. लग्नपत्रिका चालत नाही. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर दोन्ही वडिलांच्या बाजूने काढायचे. नवऱ्याच्या उत्पन्नाचा नॉन-क्रीमीलेअरशी संबंध नाही. ईडब्ल्यूएसला मात्र नवरा कुटुंबात धरला जातो. हा फरक काही सेतू केंद्रांतही नीट सांगितला जात नाही आणि मुलींच्या चकरा होत राहतात. कडेवर मूल घेऊन तहसीलच्या रांगेत तिसऱ्यांदा उभ्या असलेल्या बाईला केवळ माहिती नसल्यामुळे तिथे यावं लागतं, याचं फार वाईट वाटतं.

अपलोड झालं की ई-छाननी. कागद तपासणारा माणूस त्रुटी काढून अर्ज परत पाठवतो आणि दुरुस्तीला ठरावीक दिवस देतो. संदेश मोबाइलवर येतो, पण नंबर कॅफेवाल्याचा दिलेला असेल तर तो तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. स्वतःचाच नंबर आणि स्वतःचाच ईमेल द्यावा, पासवर्ड वहीत लिहून ठेवावा आणि अंतिम गुणवत्ता यादी लागेपर्यंत रोज एकदा लॉगिन करून बघावं. त्रुटी बहुधा साध्या असतात: गुणपत्रिकेचं एकच पान चढवलंय, दाखल्याचा फोटो कोपऱ्यातून कापला गेलाय, अधिवास प्रमाणपत्राच्या जागी रेशनकार्ड जोडलंय. मोबाइलने फोटो काढण्यापेक्षा स्कॅन करून घ्यावं. तात्पुरती यादी लागली की नाव, प्रवर्ग, टक्केवारी आणि सीईटीचा गुण हे चारही रकाने तपासायचे. आक्षेप नोंदवायची मुदत तेवढीच असते. अंतिम यादीनंतर कुणी ऐकत नाही.

पसंतीक्रम भरण्याआधी एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट करावी: तुम्हाला कोणत्या इयत्तांना शिकवायचं आहे? ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता धरली जात नाही. तिथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविकाच लागते. प्राथमिकची आवड असूनही 'बी.एड. मोठं' म्हणून इकडे येणारी मुलं पुढे अडतात. सहावी ते आठवीसाठी बी.एड. आणि टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर दोन हा रस्ता आहे.

दुसरी गोष्ट अध्यापन पद्धतीची. बी.एड.मध्ये तुम्ही कोणता विषय शिकवायला शिकणार, हे तुमच्या पदवीच्या विषयावरून ठरतं. बी.ए. मराठी केलेल्याला मराठी मिळतं, बी.एस्सी. रसायनवाल्याला विज्ञान. प्रश्न येतो बीसीए, बीबीए, पत्रकारिता अशा पदव्यांचा. ते प्रवेशाला पात्र ठरतात, पण कॉलेजात त्यांच्या विषयाला जुळणारी पद्धतच नसते, मग उरलेली एखादी गळ्यात पडते. पुढे पवित्र पोर्टलवर शिक्षकभरतीचा अर्ज करताना पदवीचा विषयही पाहिला जातो. म्हणून पसंतीक्रमात कॉलेज टाकण्याआधी तिथे फोन करून 'माझ्या पदवीला तुमच्याकडे कोणत्या दोन पद्धती मिळतील' एवढं विचारावंच.

कॉलेजांची यादी लावताना शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित यांतला फरक आधी समजून घ्या, कारण शुल्कात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. मुंबईचं सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज शासकीय आहे, पुण्याचं टिळक शिक्षण महाविद्यालय जुनं आणि नावाजलेलं. अशा ठिकाणी चुरस असते, तरी ती नावं वरच ठेवावीत. मिळणार नाही या भीतीने चांगलं कॉलेज खाली टाकू नये. संगणक वरून खाली वाचत जातो आणि वरचा पर्याय न जुळल्याने खालच्या पर्यायातली तुमची संधी कमी होत नाही. खाजगी कॉलेजचं मंजूर शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. तो आकडा आधी पाहून ठेवला, तर खिडकीवर 'विकास निधी', 'गणवेश', 'सहल' अशा नावांनी पुढे येणाऱ्या जादा रकमा ओळखता येतात. पावती न देता रक्कम मागितली तर द्यायची नाही.

पहिल्या फेरीत मनासारखं मिळालं नाही म्हणून जागा न स्वीकारता पुढच्या फेरीची वाट पाहायची की जागा राखून वरचा प्रयत्न करायचा, याचे नियम त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत असतात. ते पान छापून जवळ ठेवा. संस्था पातळीवरच्या फेरीत, म्हणजे कॉलेज स्वतः उरलेल्या जागा भरतं तेव्हा, जागा सहज मिळते, हे खरं आहे. पण शिष्यवृत्ती आणि शुल्क सवलत कॅपमधून आलेल्यांसाठी असते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. कॅप सोडून आलेली मुलगी याला मुकते. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज प्रवेश झाल्याबरोबर भरावा आणि बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते आधी तपासावं. मंजूर झालेली रक्कम खात्यात न येण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. 'हजेरीची सक्ती नाही, फक्त परीक्षेला या' असं सांगणारी कॉलेजं आहेत आणि नोकरी करणाऱ्यांना ती सोयीची वाटतात. एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, २०१४ च्या नियमांत वर्षाला किमान २०० दिवस काम, अभ्यासक्रमाला ८० टक्के आणि शालेय आंतरवासितेला ९० टक्के हजेरी सांगितली आहे. आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, २० आठवड्यांची आहे. त्या २० आठवड्यांत फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ होते, प्रश्न विचारून आपणच उत्तर देऊन टाकतो, मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचत नाही, हे सगळं मागे बसलेले प्राध्यापक पाठ निरीक्षणाच्या वहीत लिहून दाखवतात. ती वही घरबसल्या भरलेली असेल, तर पुढे पहिल्या दिवशी ६० मुलांसमोर उभं राहताना हाताशी काहीच नसतं, आणि त्याची किंमत ती मुलं मोजतात. कॉलेज निवडताना तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून सराव पाठ कोणत्या शाळेत आणि खरोखर किती होतात, हे विचारा.

जागा मिळाल्यावर हजर व्हायला मोजके दिवस असतात. मूळ कागदांची फाईल, प्रत्येकाच्या दोन साक्षांकित प्रती, शिक्षणात खंड असेल तर खंडाचं शपथपत्र. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळायला वेळ जातो म्हणून निकाल लागताच अर्ज करावा. शाळा-कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला जमा होतो. त्याच्या चार-पाच छायाप्रती आधी काढून ठेवा. बाकी मूळ प्रमाणपत्रं तपासून परत मिळायला हवीत. ती अडकवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच सांगितलं आहे.

एम.एड.साठी सीईटी वेगळी, अर्ज वेगळा, पण कागदांची कथा तीच. बी.एड.ला ५० टक्के लागतात. इथे अडचण येते ती बी.एड.च्या चौथ्या सत्राच्या निकालाची. तो उशिरा लागला तर पात्रता सिद्ध करायला हातात काहीच नसतं, म्हणून निकालाच्या तारखेवर डोळा ठेवून विद्यापीठाकडे पाठपुरावा करावा लागतो. एम.एड.ला जाताना गुणांपेक्षा लघुप्रबंधाला मार्गदर्शन करणारं कुणी आहे का, ते पाहावं.

एम.एड. की एम.ए. शिक्षणशास्त्र, हा प्रश्नही नेहमी येतो. बी.एड. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं असेल तर एनसीटीईच्या निकषांत दोन वाटा दिसतात. विषयाची पदव्युत्तर पदवी आणि एम.एड., दोन्हींत ५५ टक्के. किंवा शिक्षणाच्या पायाभूत विषयांसाठी एम.ए. शिक्षणशास्त्र आणि बी.एड., दोन्हींत ५५ टक्के. म्हणजे अध्यापन पद्धती शिकवायची असेल तर एम.एड.ला पर्याय नाही. प्रवेशाला ५० चालतात आणि नोकरीला ५५ लागतात, हे पाच टक्के बी.एड.ला असतानाच मनात ठेवलेले बरे.

शाळेबाहेर, म्हणजे अभ्यासक्रम, धोरण किंवा संस्थांमध्ये काम करायचं असेल तर टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) किंवा अझीम प्रेमजी विद्यापीठाचं एम.ए. एज्युकेशन पाहावं. टिसची वाट आता सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेतून जाते, अझीम प्रेमजीची स्वतःची परीक्षा आणि मुलाखत असते, आणि तिथे कुटुंबाच्या उत्पन्नानुसार शुल्कात सवलत मिळते. दोन्हीकडे बी.एड.ची अट नाही. मुलाखतीत 'मला लहानपणापासून शिकवायची आवड आहे' या वाक्याने काही साधत नाही. वस्तीतल्या अभ्यासवर्गात चौथीच्या मुलाला हातच्याची वजाबाकी का येत नव्हती, तुम्ही काय करून पाहिलं आणि कुठे फसलं, हे पाच वाक्यांत सांगता आलं तर समोरचे पुढचा प्रश्न विचारतात.

या दोन्ही ठिकाणांचे अर्ज राज्याच्या कॅपपेक्षा बरेच आधी बंद होतात, म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीतच त्यांच्या तारखा पाहून ठेवायच्या.